आकडे, कला आणि संस्कृती: जुन्या नोंदींतून चित्राची प्रेरणा नेमकी कुठे सापडते?

शाईदौत

मी चित्रे काढते आणि पोटापाण्यासाठी आकडेवारीचे काम करते. ही दोन कामे एकत्र आणावीत असे बरेच दिवस मनात होते, आणि आता त्यासाठी मनाजोगती सामग्री हाती आली आहे. एक वाचनालय बंद झाले तेव्हा त्याच्या देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत निघाल्या होत्या. त्या मी मागून घेतल्या. प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत: पुस्तक दिल्याची तारीख, दाखल अंक (पुस्तकाचा वाचनालयातला नोंदणी क्रमांक), सभासद क्रमांक, परत आल्याची तारीख आणि शेरा. पहिले तीन रकाने नेमाने भरलेले आहेत. शेऱ्याच्या रकान्यात मात्र मधूनच ‘पान सुटे’, ‘मुदत वाढवली’, ‘आणून दिले नाही’ असे तुटक शब्द भेटतात, आणि पुस्तक फार उशिरा परत आले असेल तर त्या शेऱ्यावर आडवी रेघ मारून बाजूला निराळ्या शाईत तारीख घातलेली असते. या वह्या चाळताना एका अख्ख्या वाचकवर्गाच्या आवडी, सवयी आणि अडीअडचणी डोळ्यांसमोरून जात आहेत असे वाटते, आणि तेच मला चित्रात आणायचे आहे.

काही वर्षांच्या नोंदी मी संगणकावर भरून घेतल्या आणि त्यांची दोन प्रकारची चित्रे केली. पहिल्या प्रकारात स्तंभालेख आणि रेषालेख होते. ते अचूक होते, वाचायला सोपे होते, पण कोणत्याही वार्षिक अहवालात खपून गेले असते. दुसऱ्या प्रकारात मी प्रत्येक देवघेवीला एक ठिपका दिला, ठिपक्यांना महिन्यांप्रमाणे रंग दिले आणि ते वर्तुळाकार पसरवले. ते चित्र देखणे झाले. मग तारखा मुद्दाम उलटसुलट करून मी तेच चित्र पुन्हा काढून पाहिले, तर तेही तितकेच देखणे झाले. म्हणजे त्या सौंदर्याचा वाचनालयाशी, वाचकांशी किंवा पुस्तकांशी काहीही संबंध नव्हता.

माझा प्रश्न असा आहे: अशा कामात प्रेरणा कुठे शोधावी? आकड्यांचा कल आधी पाहावा आणि त्यातून आकार निघू द्यावा, की एखादा आकार मनात धरून त्यात आकडे बसवावेत, की या दोन्हींच्या आधी, हे आकडे कोणी, कोणासाठी आणि कोणत्या गरजेपोटी लिहून ठेवले याचा विचार करावा? शिवाय, चित्र समजण्यासाठी बाजूला खुलासा द्यावा लागला तर कलाकृती म्हणून ते उणे ठरते का, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

आडवा-उभा

शाईदौत, तारखा उलटसुलट करून पाहण्याची तुमची कसोटी फार मोलाची आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिच्यातच दिसते. ज्या आकडेचित्रांकडे लोक शंभर-दीडशे वर्षांनंतरही पुन्हा पुन्हा वळतात ती या कसोटीला पुरेपूर उतरतात. त्यांतला आकडा बदलला की आकारच मोडतो.

शार्ल जोझेफ मिनार या फ्रेंच स्थापत्य अभियंत्याने १८६९ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, नेपोलियनच्या १८१२च्या रशियावरील स्वारीचा नकाशा काढला. त्यात सैन्य म्हणजे एक पट्टा आहे आणि पट्ट्याच्या रुंदीचा प्रत्येक मिलिमीटर म्हणजे १०,००० माणसे. नीमन नदी ओलांडताना ४,२२,००० सैनिक होते, मॉस्कोला १,००,००० पोहोचले, आणि परतीचा काळा पट्टा अखेरीस १०,०००वर येतो. चाळीसहून अधिक मिलिमीटर रुंदीचा पट्टा एका मिलिमीटरवर आलेला आपण डोळ्यांनी पाहतो. बेरेझिना नदीपाशी ५०,०००चा पट्टा एकदम २८,०००वर येतो, तेव्हा तिथे काय घडले असेल ते निराळे सांगावे लागत नाही. नकाशाच्या खाली परतीच्या वाटेवरचे तापमान त्या त्या ठिकाणाशी रेषेने जोडलेले आहे. या नकाशात शोभेसाठी काढलेले काहीही नाही, तरी तो पाहताना मन हेलावते, कारण मिनारने निवडलेली बारीक होत जाण्याची क्रिया हीच त्या घटनेचीही क्रिया होती.

तरीही तुमच्या कामाला मला अधिक जवळचे वाटते ते विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यु बॉइस यांचे काम. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी अटलांटा विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून १९००च्या पॅरिस प्रदर्शनासाठी साठच्या आसपास तक्ते हाताने रंगवून घेतले. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी या काळात काय मिळवले, शिक्षण किती घेतले, जमीनजुमला किती केला, हे जगापुढे ठेवणे हा त्या तक्त्यांचा हेतू होता. त्यांतला एक तक्ता जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांच्या १८९०च्या शहरी आणि ग्रामीण लोकसंख्येचा आहे. मोठ्या शहरांत राहणारे ७८,१३९, आणि खेड्यापाड्यांत राहणारे ७,३४,९५२. एकाच मापाने रेषा काढल्या तर दुसरी रेषा कागदाबाहेर जाणार हे उघड होते. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे माप लहान करणे. पण तसे केले असते तर लहान रेषा इतकी तोकडी झाली असती की मोठीचे मोठेपण जाणवलेच नसते. त्यांनी या दुसऱ्या, लाल रेषेला वेटोळे घालायला लावले. ते वेटोळे तक्त्याचा बहुतेक भाग व्यापते आणि पाहणाऱ्याला मान फिरवत फिरवत त्या संख्येच्या मागे जावे लागते. काटेकोर संख्यावाचनासाठी हा आकार गैरसोयीचा आहे हे मान्य करावे लागेल. परंतु एवढा मोठा समाज शहरांपासून दूर, मातीत राबतो आहे, ही गोष्ट त्या गैरसोयीतूनच अंगावर येते.

त्यामुळे आकार आधी की आकडे आधी, या तुमच्या प्रश्नावर माझे म्हणणे असे आहे की आकडे जिथे नेहमीच्या आकारात मावत नाहीत ती जागा आधी हुडकावी, कारण कल्पकतेला वाव तिथेच असतो. तुमच्या वह्यांत ती जागा बहुधा महिनावार बेरजांमध्ये नसेल. पहिले तीन रकाने कोणत्याही स्तंभालेखात निमूट बसतात. शेऱ्याचा रकाना बसत नाही, आणि परतीच्या तारखेचा रकाना जिथे कोरा राहिला आहे तिथे तोही बसत नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्या दोन रकान्यांपासून सुरुवात केली असती.

गाठीगाठी

वरील प्रतिसादाशी बऱ्याच अंशी सहमत आहे, मात्र त्यातली दोन्ही उदाहरणे सपाट कागदावरची आहेत, आणि आकडा म्हटला की कागदच, असे आपण नकळत धरून चालतो. संस्कृतीचा प्रश्न मला तिथेच महत्त्वाचा वाटतो.

दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याचा कारभार किपू नावाच्या दोरांवर चालत असे. एक मुख्य दोर, त्याला लोंबणारे अनेक दोरे, आणि त्या दोऱ्यांवर गाठी. लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की या गाठी दशमान पद्धतीने आकडे सांगतात: दोऱ्याच्या खालच्या टोकाजवळ एककाच्या गाठी, त्याच्या वर दशकाच्या, त्याहून वर शतकाच्या, आणि एखाद्या स्थानी शून्य असेल तर तिथे दोरा मोकळा. दशक-शतकासाठी साध्या गाठी असतात. एककासाठी मात्र लांब गाठ मारतात आणि तिच्यात जितके वेढे तितका तो आकडा. एकाच वेढ्याची लांब गाठ बांधता येत नाही, म्हणून एकासाठी आठाच्या आकाराची निराळी गाठ आहे. बोट खाली सरकवत नेले की संख्या कुठे संपली ते स्पर्शानेही कळते. ही वेगळी गाठ कोणी सुंदर दिसावी म्हणून योजलेली नाही. दोऱ्याच्या मर्यादेतून ती जन्माला आली, आणि तरीही संग्रहालयात किपूसमोर उभे राहिलेल्या माणसाला ती रचना कलाकृतीच वाटते. काही किपू या आकडेपद्धतीत बसत नाहीत आणि ते अजूनही वाचता आलेले नाहीत.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरच्या काडीनकाशांचे. नारळाच्या झावळीच्या काड्या एकमेकींना बांधून, त्यांवर शिंपले लावून हे नकाशे केले जात. शिंपला म्हणजे बेट. वाकवलेली काडी म्हणजे बेटाला वळसा घालताना वाकणारी समुद्राची लाट. नावाडी हा नकाशा बरोबर नेत नसे. किनाऱ्यावर बसून तो पाठ करायचा, आणि समुद्रात होडीच्या हेलकाव्यांतून लाटा अंगाने ओळखायच्या, अशी ती विद्या होती. आपण ज्याला नकाशा म्हणतो त्यात आधी अंतर येते, तर या लोकांनी लाटेचे वळण आधी मांडले, कारण त्यांच्या जगण्यात निर्णायक तेच होते. कोणती गोष्ट नोंदण्याजोगी आहे हे संस्कृती ठरवते आणि हाताशी असलेले साहित्य तिला आकार देते. हे दोन्ही ठरल्यानंतरच कलावंताचे काम सुरू होते, असे मला वाटते.

हे सगळे तुमच्या वह्यांना कसे लागू करावे? वाचनालयाच्या देवघेवीला स्वतःचे असे साहित्य होतेच: तारखेचा रबरी शिक्का, शाईची गादी, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, पुस्तकपत्र (पुस्तकाचे देवघेवीचे कार्ड) ठेवण्याचा कागदी खिसा. एखादे पुस्तक लागोपाठ हातोहात गेले असेल तर त्या चिठ्ठीवर शिक्के एकमेकांना खेटून येतात, आणि घाईत मारलेला शिक्का तिरका पडतो. संगणकावरचे रंगीत ठिपके या जगातले नाहीत; शिक्का आहे. आपले चित्र शिक्क्यांनीच करावे असे मी सुचवेन. प्रत्येक देवघेवीला एक छाप, हाताने मारलेली. जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक या दोघी आकडेचित्रकारांनी २०१४ पासून वर्षभर, एक न्यूयॉर्कमध्ये आणि दुसरी लंडनमध्ये राहून, दर आठवड्याला आपल्या रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट मोजली आणि तिचे चित्र पोस्टकार्डावर हाताने काढून एकमेकींना पाठवले. ती कार्डे पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली. हाताने काढताना प्रत्येक नोंदीपाशी क्षणभर थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात एरवी सुटून जाणाऱ्या गोष्टी सुचतात; या कामातली प्रेरणा मला बहुतांशी अशाच रीतीने मिळत आली आहे.

स्वरांतर

मी संगीताच्या बाजूने थोडा वेगळा विचार मांडू इच्छिते. ‘आकडे उलटसुलट केले तर चित्र बदलले पाहिजे’ ही कसोटी सरसकट लावू नये असे माझे मत आहे.

यानिस झेनाकिस हे संगीतकार होते आणि स्थापत्य अभियंतेही. कठीण पृष्ठभागावर पडणाऱ्या गारा, उन्हाळ्यातल्या रानात एकाच वेळी किरकिरणारे किडे, आणि हजारोंच्या मोर्चातून उठणारी, मग गोळीबारात विस्कटून जाणारी घोषणा, या आवाजांविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या लक्षात आले की अशा आवाजात सुटा ध्वनी कोणता, याला महत्त्व नसते. समूहाची घनता कशी बदलते आणि सुव्यवस्थेतून गोंधळाकडे तो कसा जातो, यातच सगळे असते. म्हणून १९५५-५६ मध्ये रचलेल्या ‘पिथोप्राक्ता’ या वाद्यवृंदरचनेत त्यांनी वायूच्या रेणूंच्या वेगांची संख्याशास्त्रीय विभागणी घेतली आणि ४६ तंतुवाद्यांना प्रत्येकी स्वतंत्र ओळ देऊन त्या वेगांच्या मिंडी वाजवायला लावल्या. त्यातल्या दोन वादकांनी आपापल्या ओळी अदलाबदल केल्या तर श्रोत्याला बहुधा फरक कळणार नाही. विभागणी मात्र बदलली, तर रचना तत्काळ वेगळी ऐकू येईल.

याच्या उलट संगीतकार चार्ल्स डॉज यांची १९७०ची संगणकीय रचना. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीचा निर्देशांक दर तीन तासांनी नोंदला जातो; १९६१ या एका वर्षाच्या अशा नोंदी घेऊन त्यांनी त्यांचे स्वर केले. तिथे क्रम हाच प्राण आहे. सूर्याकडून येणारा झोत, त्यानंतरची खळबळ, मग निवळणे, हे त्याच क्रमाने ऐकू यायला हवे.

तेव्हा शाईदौत, आपल्याला काय ऐकवायचे आहे ते आधी ठरवावे लागेल. वाचनालय हा एक समूह म्हणून मांडायचा असेल, गर्दीचे आणि सामसुमीचे दिवस, एकाच पुस्तकावर पडलेल्या उड्या, तर ठिपक्यांचे वर्तुळ सर्वस्वी टाकाऊ नाही. फक्त त्यात उलटसुलट करून पाहायचे ते तारखांना नव्हे, तर दाटी आणि विरळपणा यांना. एकेका पुस्तकाचा प्रवास सांगायचा असेल तर मात्र क्रमाला हात लावता येणार नाही. ही दोन्ही चित्रे एकाच कागदावर एकमेकांच्या आड येतील असे मला वाटते.

कोरा रकाना

चर्चा फार चांगली चालली आहे. मला दोन गोष्टींकडे लक्ष वेधायचे आहे: क्रम कशाच्या आधारे लावायचा, आणि जे नोंदलेलेच नाही त्याचे काय करायचे. आकडेवारीचे काम करणाऱ्याला क्रम लावणे ही एका कळीची गोष्ट वाटते. कलेत तोच सर्वांत मोठा निर्णय ठरू शकतो.

वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारक १९८२ मध्ये उभे राहिले, त्याचा आराखडा माया लिन यांचा. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन लांब भिंती एका कोनात मिळतात आणि त्यांवर ५८,०००हून अधिक नावे कोरलेली आहेत. ती नावे वर्णानुक्रमाने लावावीत अशी मागणी काही जणांनी केली होती. तसे झाले असते तर ती भिंत म्हणजे एक निर्देशसूची झाली असती, एकाच आडनावाच्या लांबलचक रांगा असलेली. माया लिन यांनी मृत्यूच्या तारखेचा क्रम धरला. नावे मधल्या कोनापासून उजवीकडे सुरू होतात, टोकापर्यंत जातात, दुसऱ्या भिंतीच्या टोकापासून पुन्हा सुरू होऊन कोनापाशी परततात, आणि युद्धातला पहिला व शेवटचा मृत्यू शेजारी-शेजारी येतात. एकाच चकमकीत पडलेले सोबती एकमेकांजवळ राहतात. आकडेवारीच्या भाषेत पाहिले तर माया लिन यांनी यादी कोणत्या रकान्याने लावायची एवढेच ठरवले, पण त्या निवडीमुळे भिंतीचा अर्थ पालटला.

याच स्मारकात अनिश्चिततेची नोंद ज्या रीतीने केली आहे ती शाईदौत यांच्या फार कामाची आहे. ज्यांचा मृत्यू निश्चित झाला त्यांच्या नावापुढे चौकटीच्या पत्त्यावर असतो तसा चौकोन आहे आणि जे बेपत्ता आहेत त्यांच्यापुढे अधिकाचे चिन्ह. बेपत्ता व्यक्तीचे अवशेष ओळखले गेले तर त्या अधिकावरच चौकोन कोरतात. एखादी व्यक्ती जिवंत परत आली तर अधिकाभोवती वर्तुळ कोरायचे, हेही ठरलेले आहे. म्हणजे दगडात कोरलेली नोंदसुद्धा पुढे दुरुस्त होऊ शकेल अशी सोय आधीच विचारात घेतलेली आहे, आणि जुने चिन्ह पुसून टाकावे लागत नाही. तुमच्या वह्यांत ‘आणून दिले नाही’ या शब्दांवर मारलेली काट आणि बाजूची उशिराची तारीख हे नेमके तेच आहे. तक्ता भरताना आपण फक्त शेवटची तारीख घेतो आणि काट गाळून टाकतो. ती गाळू नका. चित्रात त्या काटेलाही स्वतःचे चिन्ह द्या.

न्यूयॉर्कमधील ११ सप्टेंबरच्या स्मारकातला क्रम आणखी गुंतागुंतीचा आहे. तिथे २,९८३ नावे आहेत, आणि ‘आमच्या माणसाचे नाव अमुक व्यक्तीच्या नावाशेजारी असावे’ अशा हजाराहून अधिक विनंत्या कुटुंबीयांकडून आल्या होत्या. त्या सगळ्या सांभाळून नावे बसवण्यासाठी आकडेवारीतून कला करणारे जेर थॉर्प यांनी संगणकीय पद्धत तयार केली, आणि तिच्या आधारे पुढची जुळणी माणसांनी केली. पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. त्याला नुसती नावे दिसतात. तरी ज्यांच्यासाठी ते शेजार जुळवले त्यांना ते ठाऊक असते. आकडेवारी आणि कला यांच्या सीमेवरचे इतके संयमी काम मी दुसरे पाहिलेले नाही.

आता न नोंदलेल्या गोष्टींविषयी. मिमी ओनुओहा या कलावंत बाईंनी २०१६ मध्ये फायलींचे एक कपाट मांडले. प्रत्येक फाइलीवर, समाजात खरे तर नोंदली जायला हवी होती पण नोंदली गेली नाही अशा एकेका माहितीचे शीर्षक आहे, आणि फाइली रिकाम्या आहेत. या कल्पनेत मोठे बळ आहे, कारण मोजणे हेही सत्तेचे काम असते आणि न मोजणेही. तुमच्या वाचनालयात कपाटातून काढून तिथेच बसून वाचलेल्या पुस्तकांची नोंद असणार नाही. एका सभासदाच्या नावावर घरातल्या किती जणांनी वाचले, तेही वहीत नसेल. चित्रात या मंडळींसाठी जागा ठेवायची की नाही, हा निर्णय तुम्हाला जाणीवपूर्वक घ्यावा लागेल.

आणि एक आग्रहाची विनंती. कोणी काय वाचले ही अतिशय खासगी बाब आहे. सभासद क्रमांकाशेजारी नाव नसले तरी तारखा आणि पुस्तके जोडून ओळखीचे लोक माणूस ताडू शकतात. म्हणून चित्राचा क्रम सभासदाने लावू नका, पुस्तकाने लावा. त्याने अडचण तर टळतेच, शिवाय चित्राचा नायकही बदलतो: वाचक पडद्याआड राहतो आणि पुस्तक हातोहात फिरताना दिसते.

शाईदौत

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वाचून वह्या पुन्हा काढल्या, आणि या वेळी बेरजा न करता फक्त शेऱ्याचा रकाना वाचला.

आता आराखडा असा आकाराला येतो आहे. विषय एकच ठेवणार: वेळेवर परत न आलेली पुस्तके. स्वरांतर यांनी दाखवलेल्या दोन वाटांपैकी मी एकेका पुस्तकाच्या प्रवासाची वाट घेते आहे, त्यामुळे क्रमाला धक्का लावणार नाही. प्रत्येक पुस्तकाला एक उभी पट्टी, दाखल अंकाच्या क्रमाने. पट्टीवर देवघेवीच्या तारखांचे शिक्के वरून खाली, हाताने मारलेले. पुस्तक बाहेर राहिलेला काळ तेवढ्या लांबीच्या कोऱ्या जागेने दाखवायचा. जे उशिरा परत आले त्याच्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ आणि त्यापुढे निराळ्या शाईत शिक्का, वहीत आहे तसाच. जे कधीच आले नाही त्याची पट्टी कोरीच खाली सोडायची. सभासद क्रमांक कुठेही येणार नाही.

दोन शंका उरल्या आहेत. काही पुस्तके इतकी फिरली आहेत की त्यांचे शिक्के पट्टीत मावत नाहीत, तेव्हा माप लहान करावे की शिक्के? आणि खुलाशाचा मूळ प्रश्न अजून माझ्यापुढे आहेच.

आडवा-उभा

आराखडा वाचून फार आनंद झाला. मापाच्या प्रश्नावर ऑटो नॉयराथ या ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञांचा नियम कामी येईल. १९२५ मध्ये व्हिएन्नात त्यांनी सामान्य माणसासाठी आकडेवारीचे संग्रहालय उभारले, आणि तिथे पाळलेला नियम असा होता की संख्या मोठी असेल तर चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह तितक्या वेळा पुन्हा काढायचे. त्यामुळे शिक्का लहान करू नका आणि मापही बदलू नका. पट्टी लांबू द्या, आणि कागद संपला तर तिला शेजारून वळवून पुन्हा वर आणा. सर्वाधिक फिरलेल्या पुस्तकाची पट्टी दोन-तीन वळणे घेत असेल तर ते त्या पुस्तकाला शोभूनच दिसेल. नॉयराथ यांच्या गटात संख्याशास्त्रज्ञ आणि चित्रकार यांच्या मध्ये एक स्वतंत्र भूमिका असे: हाती आलेल्या आकड्यांतून काय दाखवायचे आणि कोणत्या रचनेत, हे ठरवणारी. मारी नॉयराथ यांनी ते काम वर्षानुवर्षे केले. तुम्ही या आठवड्यात केलेत ते तेच काम आहे.

खुलाशाविषयी. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानवाढीचे पट्टे प्रसिद्ध केले: प्रत्येक वर्षाला एक उभी पट्टी, थंड वर्षे निळी, उष्ण वर्षे लाल, आणि सोबत अक्षही नाही, आकडाही नाही. ते खुलाशावाचून पोहोचले, कारण निळे म्हणजे थंड आणि लाल म्हणजे उष्ण ही समजूत पाहणाऱ्याकडे आधीपासून होती, आणि विषयही सर्वांच्या तोंडी होता. तुमच्या चित्राला तशी पूर्वतयारी मिळणार नाही, म्हणून खुलासा द्या आणि तो देताना संकोच करू नका. वर उल्लेख झालेल्या पोस्टकार्डांवरही एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला ते वाचण्याची किल्ली होती, आणि किल्ली वाचून पुन्हा चित्राकडे वळण्यात त्यातला निम्मा आनंद आहे. तुमचा खुलासा मात्र छापील अक्षरांत बाजूला टांगू नका. वाचनालयातली तारखांची कोरी चिठ्ठी मिळाली तर तिच्यावर, नाहीतर तशीच आखून घेऊन, त्याच शिक्क्याने आणि त्याच दोन शायांनी तो तयार करा: एक वेळेवर आलेले पुस्तक, एक उशिरा आलेले, एक न आलेले. एवढी तीन उदाहरणे पुरतील.